बागेतील प्रश्नोत्तरे : रोझमेरी, दवणा आणि दोन ब्राह्मी

प्रश्न : गेल्या दोन वर्षांत मी रोझमेरीची तीन रोपे आणली. हिवाळ्यात ती छान वाढतात, परंतु जुलै-ऑगस्टमध्ये बुंध्याकडून काळी पडून मरतात. खत आणि पाणी मी वेळेवर देते. माझे नेमके काय चुकते?
— एक वाचक, पुणे

उत्तर : रोपे पावसाळ्यातच मरतात, हा आपण दिलेला तपशील सर्वांत महत्त्वाचा आहे. रोझमेरी मूळची भूमध्य समुद्राच्या काठची. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा असतो, त्यामुळे उष्ण हवा आणि सतत ओली माती ही जोडी या झाडाला ठाऊकच नाही. आपल्याकडे जूनपासून नेमकी तीच जोडी जमते. मुळांना हवा मिळत नाही, बुरशी लागते आणि वरची पाने सुकलेली दिसतात तोवर खालचे सारे संपलेले असते. पाने सुकली म्हणून आपण आणखी पाणी घालतो, आणि उरलेसुरले झाडही हातचे जाते.

रोपवाटिकेतील बहुतेक रोपे निव्वळ कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, वाढवलेली असतात व ते पाणी फार काळ धरून ठेवते. रोप आणल्यावर मुळांभोवतीचे सैल कोकोपीट हलक्या हाताने झटकावे आणि एक भाग बागेची माती, एक भाग जाडसर वाळू, एक भाग विटांचे बारीक तुकडे व मूठभर गांडूळखत अशा मिश्रणात ते लावावे. कुंडी मातीचीच घ्यावी आणि तिच्याखाली ताटली ठेवू नये. कोरड्या मिश्रणाची कुंडी उचलून तिचे वजन एकदा हाताला लक्षात राहिले, की पाणी केव्हा द्यायचे हे रोज उचलून पाहिल्यावर आपोआप कळू लागते. मला बोटाने माती उकरून पाहण्यापेक्षा ही पद्धत अधिक भरवशाची वाटते. जून ते सप्टेंबर कुंडी पागोळीच्या आत, परंतु उजेड आणि वारा मिळेल अशा जागी हलवावी. खताचा हात आखडता ठेवावा, कारण जास्त खतामुळे फांद्या लुसलुशीत होतात आणि पानांचा वास उतरतो.

नोव्हेंबरनंतर न फुललेल्या फांदीचे चार इंचांचे शेंडे कापून, खालची पाने काढून, ओलसर वाळूत लावून ठेवावेत. महिना-दीड महिन्यात मुळे धरतात आणि मूळ झाड दगावले तरी वाण घरात राहतो. थाईम आणि ओरेगॅनो यांनाही हीच काळजी लागते. गजऱ्यात आपण वर्षानुवर्षे माळतो तो मरवा ओरेगॅनोचाच भाऊबंद आहे, तेव्हा या कुळाची आपल्याला अगदीच ओळख नाही असे नव्हे.

प्रश्न : माझ्याकडच्या ब्राह्मीची पाने गोल आहेत. मैत्रिणीकडच्या ब्राह्मीची पाने मात्र लहान आणि जाडसर आहेत. खरी ब्राह्मी कोणती?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आपल्याकडे दोन्ही वनस्पती ब्राह्मी या एकाच नावाने विकल्या जातात आणि दोघींचा एकमेकींशी काहीही नातेसंबंध नाही. आपली गोल पानांची वनस्पती म्हणजे मंडूकपर्णी, सेंटेला एशियाटिका. ती कोथिंबीर आणि ओव्याच्या कुळातली. मैत्रिणीकडची ती जलब्राह्मी, बकोपा मोनिएरी. ती इसबगोलाच्या कुळातली. ओळखायला सोपे आहे. मंडूकपर्णीचे प्रत्येक पान स्वतंत्र लांब देठावर उभे असते, त्याचा आकार मूत्रपिंडासारखा आणि कडा दातेरी असते. जलब्राह्मीची पाने बिनदेठाची, मांसल असून ती जोडीजोडीने येतात आणि तिला पांढरट-जांभळट छोटी फुले येतात.

जुन्या ग्रंथांत ही नावे वेगळीच आहेत. चरकसंहितेतील मेध्य (बुद्धिवर्धक) रसायनांत मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी अशी चार नावे येतात, तर ब्राह्मीघृत येते ते अपस्माराच्या (फेफऱ्याच्या) चिकित्सेत. त्यामुळे एकीचे गुण वाचून दुसरी खाण्यात अर्थ नाही.

लागवडीसाठी दोघींनाही पसरट, उथळ कुंडी चालते. मंडूकपर्णीला दुपारच्या उन्हापासून आडोसा आणि सतत ओलावा हवा. जलब्राह्मी थेट पाणी साचलेल्या टबातही राहते आणि तिला उन्हाचे वावडे नाही. किनारी कर्नाटकात मंडूकपर्णीला ओंदेलग म्हणतात आणि तिची पाने ओले खोबरे, जिरे व ताक यांच्याबरोबर वाटून तंबळी करतात. घरच्या कुंडीतली आठ-दहा पाने तिला पुरतात. ओढ्याच्या किंवा गटाराच्या कडेची पाने मात्र तोडून आणू नयेत, कारण या वनस्पती घाण पाण्यातही जोमाने वाढतात आणि ते पाणी पानांत उतरते. कोणतेही औषध नियमित चालू असल्यास डॉक्टरांना विचारल्याखेरीज दोन्ही खाऊ नयेत.

प्रश्न : चैत्रात जोतिबाला वाहण्यासाठी दवणा घरीच लावावा असे वाटते. गच्चीवर तो येईल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अवश्य येईल. दवणा म्हणजे आर्टेमिसिया पॅलेन्स, एका हंगामाचे झुडूप. त्याला थंडी आणि स्वच्छ ऊन लागते. बी धुळीइतके बारीक असते आणि लवकर निकामी होते, म्हणून गेल्या हंगामातलेच बी मिळवावे, ते बारीक वाळूत मिसळून पसरावे आणि वर माती न लोटता फवाऱ्याने हलके पाणी द्यावे. झारीच्या धारेने बी एका कोपऱ्यात वाहून जाते आणि बी उगवलेच नाही असा गैरसमज होतो. रोपे चार-पाच इंचांची झाली की वीतभर अंतरावर लावावीत.

एक हिशेब मात्र आधी करावा. पेरणीपासून फुलोऱ्यापर्यंत साधारण चार महिने जातात. शेतकरी ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरतात, परंतु चैत्र पौर्णिमा मार्चअखेर ते एप्रिलमध्ये येते, तेव्हा आपण थोडे बी ऑक्टोबरात आणि थोडे नोव्हेंबरअखेरीस पेरावे. दवण्याची जुडी सावलीत उलटी टांगली की सुगंध कमी होण्याऐवजी अधिक गहिरा होतो. दोन-तीन रोपे न कापता बियांसाठी राखून ठेवावीत.

प्रश्न : नातीच्या बाळगुटीसाठी वेखंड घरी लावता येईल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : लावता येईल, बागेतल्या चिखलाच्या कोपऱ्यात किंवा बिनछिद्राच्या टबात कंदाचा तुकडा सहज रुजतो. बाळाला ते देऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. भारतीय वेखंडात बीटा-असारोन हे द्रव्य पुष्कळ असते आणि त्याच्या घातकतेमुळे अमेरिकेने 1968 सालीच वेखंड खाद्यपदार्थांतून हद्दपार केले. किती उगाळले म्हणजे किती पोटात गेले, हे सहाणेवर मोजता येत नाही. लावायचेच तर पानांच्या वासासाठी लावा.

प्रश्न : भाताला वास येण्यासाठी वापरतात ते अन्नपूर्णेचे झाड बियांपासून करता येते का?
— एक वाचक, वसई

उत्तर : नाही, त्याला बी धरत नाही, बुंध्याजवळ फुटणारी पिल्ले मुळांसकट अलग करून लावावी लागतात. अर्धी सावली आणि भरपूर पाणी त्याला मानवते, त्यामुळे वसईच्या हवेत ते आनंदाने वाढेल. आंबेमोहोर आणि बासमतीचा वास ज्या द्रव्यामुळे येतो, तेच द्रव्य या पानांत असते. खालचे जून पान घ्यावे, धुऊन त्याची सैल गाठ मारावी, भात शिजताना टाकावी आणि वाढण्यापूर्वी काढून घ्यावी.