अण्वस्त्रप्रसारबंदी म्हणजे अण्वस्त्रबंदी नव्हे

प्रश्न असा आला आहे: बातम्यांत कधी ‘अण्वस्त्रप्रसारबंदी करार’ दिसतो, कधी ‘अण्वस्त्रबंदी करार’. दोन्ही एकच का? आणि हिंदीत ‘परमाणु अप्रसार संधि’ म्हणतात, तसं मराठीत का म्हणू नये?

एकच नाहीत. मधला ‘प्रसार’ गाळला की करारच बदलतो. प्रसारबंदी करार १९६८ साली सह्यांसाठी खुला झाला आणि ५ मार्च १९७० पासून अमलात आला. १ जानेवारी १९६७च्या आधी ज्यांनी अणुस्फोट केला होता, ते पाच देश त्यात अण्वस्त्रधारी ठरले. बाकीच्यांनी अण्वस्त्रं मिळवायची नाहीत, असं ठरलं. अण्वस्त्रबंदी करार २०१७चा, लागू झाला २२ जानेवारी २०२१ला. त्यात अण्वस्त्रं बाळगायलाच मनाई आहे आणि एकाही अण्वस्त्रधारी देशाची त्यावर सही नाही. भारत दोन्हींच्या बाहेर आहे. १९९६चा चाचणीबंदी करार हा तिसरा. त्यावरही आपली सही नाही. तीन बंद्या, तीन अर्थ. मथळ्यात जागा कमी पडते म्हणून बातमीदार ‘प्रसार’ उडवतात, ते मला फार खटकतं.

आता हिंदीबद्दल. हिंदीतला परमाणु तो आपला अणू, आणि हिंदीतला अणु तो आपला रेणू. शाळेतलं विज्ञान मराठीतून शिकलेल्याला ‘परमाणु’ परकाच वाटणार. ‘संधी’ म्हटलं की आपल्याला नोकरीची संधी आठवते, नाहीतर व्याकरणातली. ‘तह’ लढाई थांबल्यावर होतो: पुरंदरचा, सालबाईचा. म्हणून इथे ‘करार’च योग्य. ‘अप्रसार’ नुसतं प्रसार नसणं सांगतो. ‘प्रसारबंदी’ म्हटलं की कोणीतरी घातलेली बंदी कळते, आणि करारात तेच आहे.

पण ‘प्रसार’ या शब्दात एक मेख आहे. या विषयावरच्या वाटाघाटींत दोन तऱ्हांचा प्रसार सांगतात: आडवा, म्हणजे नव्या देशांच्या हाती अण्वस्त्रं जाणं, आणि उभा, म्हणजे ज्यांच्याकडे आहेत त्यांचाच साठा वाढत जाणं. करार पहिला अडवतो आणि दुसऱ्याला मोकळं सोडतो, हा भारताचा जुना आक्षेप. मराठीत मात्र प्रसार आडवाच असतो. शिक्षणाचा प्रसार, रोगाचा प्रसार, सगळा इकडून तिकडे पसरणारा. एकाच कोठारात ढीग उंच होत गेला तर आपण त्याला ‘वाढ’ म्हणतो. म्हणून ‘उभा प्रसार’ कानाला चुकीचा वाटतो, आणि भाषांतर करताना मी तिथे सरळ ‘साठावाढ’ लिहितो.

‘निःशस्त्रीकरण’ हा शब्दही जपून वापरायला हवा. ‘-ीकरण’ म्हणजे जे नाही ते करणं. सशस्त्र होता, त्याला निःशस्त्र केलं. दक्षिण आफ्रिकेने बनवलेले सहा बॉम्ब स्वतः मोडले आणि १९९१ साली प्रसारबंदी करारात ती सामील झाली. हे अण्वस्त्रांपुरतं खरं निःशस्त्रीकरण. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी १९८७च्या करारानुसार २,६९२ क्षेपणास्त्रं नष्ट केली, पण दोघांकडे इतर अण्वस्त्रं उरलीच. ती मोठी शस्त्रकपात. आणि १९७२ साली त्यांनी क्षेपणास्त्रांच्या संख्येवर फक्त मर्यादा घातली, ते शस्त्रनियंत्रण. तिन्हींना सरसकट निःशस्त्रीकरण म्हटलं की वाचकाला न घडलेलं घडल्यासारखं वाटतं.

शेवटी ‘निःशस्त्रीकरणाची चर्चा’. प्रसारबंदी कराराच्या सहाव्या कलमात चर्चा नाही, शुद्ध हेतूने वाटाघाटी करायच्या असं लिहिलंय. चर्चा चहा पितापिताही होते. वाटाघाटीत देणं-घेणं येतं. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने तर जुलै १९९६च्या मतात एकमताने सांगितलं की वाटाघाटी नुसत्या करायच्या नाहीत, तडीस न्यायच्या आहेत. म्हणून या कलमाबद्दल लिहिताना ‘वाटाघाटी’ हाच शब्द ठेवावा.