पुरात बुडालेलं धान: टॉनिक मारावं का?

प्रश्न: वैनगंगेच्या काठावरच्या आमच्या बांध्या आठ-नऊ दिवस पुराच्या पाण्याखाली होत्या. रोवणी होऊन महिनाही झाला नव्हता. आमचं स्वर्णा धान पिवळं पडून लोळलं, शेजाऱ्याचं ‘स्वर्णा सब-1’ मात्र उभं आहे. दुकानदार म्हणतो, ‘प्रथिनांत बदल झाला की धान ताण सोसतं, हे अमिनो ॲसिडचं टॉनिक फवारा.’ फवारू का? सोबत युरिया देऊ का?

उत्तर: टॉनिकवर पैसे घालू नका. युरियाही लगेच नको.

दुकानदाराचं अर्धं म्हणणं खरं आहे, म्हणूनच ते पटतं. रोप बुडालं की त्यात इथिलीन वायू कोंडतो आणि जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकाचा जोर चढतो. वाढीला लगाम घालणारी काही प्रथिनं रोपात असतात. जिबरेलिनमुळे त्यांना युबिक्विटिन नावाचं छोटं प्रथिन चिकटतं आणि मग पेशी त्यांचे तुकडे करून टाकते. लगाम सुटलेलं रोप पाण्याबाहेर डोकं काढायला उंच होत जातं, त्यात साठवलेली साखर आणि पिष्ट संपवतं. पाणी ओसरलं की उभं राहायला बळच उरत नाही. तुमच्या स्वर्णाचं हेच झालं.

सब-1 धानात ‘सब-1ए’ हा जनुक आहे, ओडिशाच्या एका जुन्या देशी धानातून आलेला. तो लगामाची प्रथिनं टिकवून धरतो. रोप वाढ थांबवून गप्प बसतं आणि साठा वाचवतं. हा सगळा कारभार पेशीच्या आत, जनुकाच्या हुकुमाने चालतो. पानावर मारलेलं अमिनो ॲसिड तो जनुक रोपात आणू शकत नाही, मग बाटलीवर काहीही छापलेलं असो.

आता बांधीत उतरा आणि रोपाचा बुंधा दाबून बघा. पानं गेली तरी बुंधा टणक आणि आतला कोंब पांढरा असेल, तर ते रोप जिवंत आहे. मऊ होऊन कुजका वास आला तर गेलं. घाईने नांगर घालू नका, चार-पाच दिवस थांबा. पानांवर गाळ बसला असेल आणि स्वच्छ पाणी मिळत असेल तर धुऊन काढा. बांधी कोरडी न करता पातळ पाणी ठेवा. नवं पान निघाल्यावरच, साधारण आठवडा-दहा दिवसांनी, युरिया थोडाथोडा विभागून द्या. कमकुवत रोपावर एकदम नत्र ओतलं की कडा करपा हा रोग बळावतो. मोकळ्या जागी जोमदार चुडातले फुटवे काढून लावता येतात.

पुढच्या खरिपात पूर येणाऱ्या बांध्यांपुरतं तरी सब-1 लावा. हा वाण 2009 साली प्रसारित झाला. तो ‘सब-1ए’ असलेल्या धानाचा स्वर्णाशी संकर करून, पुढे निवड करत काढलेला आहे. जीएम (प्रयोगशाळेत जनुक घातलेलं) नाही, दरवर्षी नवं घ्यावं लागणारं संकरित (हायब्रिड) बियाणंही नाही, त्यामुळे घरचं बी ठेवता येतं. पूर न आल्यास उत्पादन स्वर्णाइतकंच येतं. फक्त दाण्याची साल स्वर्णासारखी सोनेरी नसून फिकट असते, तेव्हा व्यापारी भावात काटछाट करू पाहील. विकण्याआधी त्याच्याशी बोलून घ्या.

मर्यादाही आहे. सब-1चं पूर्ण बुडालेलं रोप साधारण दोन आठवडे तगतं, गढूळ आणि कोमट पाण्यात त्याहून कमी. महिनाभर गुडघाभर पाणी तुंबणाऱ्या खोलगट बांधीत सब-1 कामाचं नाही. आवत्या पेरून (रोवणी न करता थेट बी फेकून) बी उगवतानाच पाणी साचलं, तर तिथेही हा जनुक वाचवत नाही.