मापाचे लेदर जॅकेट आणि साठ टक्के इसार

प्रश्न : मी ठाण्यात कासारवडवलीला राहते, ऐरोलीला नोकरी करते आणि रोज मोटारसायकलने जाते-येते. हेल्मेट सहा वर्षांपूर्वीचे आहे. महिन्यातून एकदा माळशेज किंवा नाशिकपर्यंत लांबची फेरीही होते. तयार लेदर जॅकेट मला खांद्यात बसले तर बाह्या लांब होतात आणि बाह्या बसल्या तर खांदे आवळतात, म्हणून मापाचे शिवून घ्यायचे आहे. चित्रफितीवर पाहिलेल्या बाहेरगावच्या एका कारागिराने 46,000 रुपये सांगितले आहेत, त्यातले साठ टक्के आधी द्यायचे आणि जॅकेट आठ आठवड्यांनी मिळायचे. हातात पगार 84,000 रुपये येतो. त्यातून गृहकर्जाचा हप्ता 28,500, घरखर्च 26,000, म्युच्युअल फंडाची एसआयपी 10,000, पेट्रोल व किरकोळ 5,500 जातात आणि उरलेल्याचे काय होते ते कळत नाही. मुदत ठेव दीड लाखाची आहे. क्रेडिट कार्डावर 31,000 रुपये थकले आहेत, त्याची किमान रक्कम भरते. आई-वडील माझ्यावर अवलंबून आहेत. जॅकेट ‘नो कॉस्ट ईएमआय’वर घेऊ, ठेव मोडू, की पाच महिने एसआयपी थांबवू?

उत्तर : सप्रेम नमस्कार. जॅकेट घ्यावे की नाही, असे तुम्ही विचारलेले नाही. पैसे कोणत्या खिशातून काढावेत एवढेच विचारले आहे. माझे उत्तर असे की जॅकेट अवश्य घ्या, परंतु तुम्ही सुचवलेल्या तिन्ही मार्गांपैकी एकानेही नको, आणि कारागिराने सांगितलेल्या अटींवर तर मुळीच नको.

प्रथम कार्ड पाहू, कारण इतर सर्व गणित त्याच्यावर अडलेले आहे. तुमच्या विवरणपत्रावर व्याजाचा दर दरमहा साडेतीन टक्के छापलेला असेल, तर 31,000 रुपयांवर महिन्याला 1,085 रुपये व्याज आणि त्यावर 18 टक्के जीएसटी मिळून सुमारे 1,280 रुपये जातात, म्हणजे वर्षाला पंधरा हजारांहून अधिक. तेवढ्याच रकमेवर मुदत ठेव सात टक्के दराने वर्षाला 2,170 रुपये मिळवून देते, आणि त्यावर प्राप्तिकर लागत असेल तर तेवढेही नाही. एका हाताने सात टक्के कमवायचे आणि दुसऱ्या हाताने बेचाळीस टक्के द्यायचे, ही व्यवस्था तुम्ही सुरक्षिततेच्या भावनेपोटी चालू ठेवली आहे, हे मी समजू शकतो. बरीच जबाबदार माणसे नेमके असेच करतात. तरीही जॅकेटसाठी ठेवीला हात लावू नका असे सांगणारा मी, कार्ड फेडण्यासाठी मात्र ठेवीतून 31,000 रुपये आजच काढा असे सांगतो. अनेक बँका ठेवीचा काही भाग मोडू देतात. मुदतीआधी काढलेल्या रकमेच्या व्याजदरात अर्धा ते एक टक्का कपात होईल, पण कार्डाच्या व्याजाच्या तुलनेत ती नगण्य आहे. फक्त विवरणपत्रावरची रक्कम भरून थांबू नका. विवरणपत्र निघाल्यानंतरच्या दिवसांचेही व्याज चढलेले असते, म्हणून बँकेला त्या दिवशीची पूर्ण थकबाकी विचारून ती भरा.

थकबाकीचा आणखी एक परिणाम पुष्कळांच्या लक्षात येत नाही. कार्डावर मागील रक्कम शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. खरेदीच्या दिवसापासूनच व्याजाची आकारणी सुरू होते. त्यामुळे आजच्या स्थितीत कार्डाने इसार भरणे म्हणजे त्या दिवसापासून त्यावर साडेतीन टक्क्यांचे मीटर पडणे होय. ईएमआय करून घेतल्यास हे टळेल, असे तुम्ही म्हणाल. परंतु शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्येच बँकांना सुनावले होते. ‘नो कॉस्ट’ योजनेत व्याजाइतकी सूट विक्रेता किमतीत देतो आणि बँक ते व्याज तुमच्याकडून हप्त्यांत घेते. व्याजावरचा जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क तुमच्याच माथी राहते. विक्रेत्याने ही सूट आधीच किमतीत चढवून ठेवलेली नाही ना, हे कळायला एकच उपाय आहे : रोख किंवा यूपीआयने दिल्यास किती कमी कराल, असे त्याला सरळ विचारावे.

एसआयपी थांबवण्याविषयी. पाच महिन्यांचे 50,000 रुपये पंधरा वर्षे दहा टक्क्यांनी वाढले असते तर 2 लाख 9 हजारांच्या आसपास झाले असते, हे गणित तुम्हाला कोणीही करून दाखवील. मला ते फारसे आवडत नाही, कारण त्या रीतीने पाहिले तर तलावपाळीवर बसून घेतलेला चहासुद्धा पंधरा वर्षांनी भलता महाग पडतो आणि माणसाने जगावे कसे हा प्रश्न उभा राहतो. माझा आक्षेप साधा आहे. एका वस्तूसाठी एसआयपी थांबवली की पुढच्या वस्तूसाठी ती थांबवणे सोपे जाते, आणि थांबलेली एसआयपी ठरल्या महिन्यात पुन्हा सुरू करणारे माझ्याकडे येणाऱ्यांत थोडेच असतात.

आता मुख्य मुद्दा, साठ टक्के इसाराचा. 46,000 चे साठ टक्के म्हणजे 27,600 रुपये. ही रक्कम तुम्ही जॅकेटची किंमत म्हणून देत आहात असे तुम्हाला वाटते, पण जॅकेट हातात येईपर्यंत ती कारागिराला दिलेली बिनव्याजी, बिनतारण उसनवारीच असते. बँक तुम्हाला गृहकर्ज देताना घराची कागदपत्रे ठेवून घेते. तुम्ही मात्र चित्रफितीवर पाहिलेल्या माणसाला अर्ध्याहून अधिक पैसे देताना काहीच ठेवून घेत नाही. शिवाय मापाच्या वस्तूचा दुसरा गिऱ्हाईक नसतो. तुमच्या खांद्यांचे जॅकेट कारागीर परत घेणार नाही आणि तुम्हालाही ते विकता येणार नाही; विकत घेतल्या क्षणी त्याची बाजारातली किंमत जवळपास शून्य होते. म्हणून त्याला ‘गुंतवणूक’ म्हणू नये. त्यात काही वाईट नाही, जेवणालाही आपण गुंतवणूक म्हणत नाही.

कारागिराची बाजूही आहे आणि ती खरी आहे. शेळी-मेंढीचे एक कातडे साधारण 4 ते 6 चौरस फुटांचे असते, त्यामुळे एका जॅकेटला सात-आठ कातडी सहज लागतात आणि रंगात फरक दिसू नये म्हणून ती एकाच खेपेतली निवडून एकदम घ्यावी लागतात. हा माल तो तुमच्यासाठी विकत घेतो, म्हणून त्यापुरता इसार मागणे रास्त आहे. तेव्हा त्याला लेदर किती रुपयांचे आणि शिलाई किती, हे लेखी विचारा आणि पैसे तीन टप्प्यांत देऊ करा : चाळीस टक्के, म्हणजे 18,400 रुपये मागणी नोंदवताना, 13,800 मापाची चाचणी झाल्यावर, आणि उरलेले 13,800 जॅकेट घालून पाहिल्यावर. चाचणी म्हणजे लेदर कापण्यापूर्वी मांजरपाटाचे, म्हणजे साध्या सुती कापडाचे, कच्चे जॅकेट शिवून तुमच्या अंगावर पाहणे. हा आग्रह धरण्याचे कारण असे की कापडाची शिवण उसवून सैल करता येते, परंतु लेदरमध्ये एकदा सुई गेली की भोक बुजत नाही. चुकलेले माप दुरुस्त करण्याला फार थोडी जागा उरते आणि त्या चुकीचा खर्च कोणी सोसायचा यावर भांडण होते. काही वर्षांपूर्वी मी स्वतः घरच्या लग्नासाठी सूट शिवायला टाकताना भिडेपोटी सगळे पैसे आधीच देऊन बसलो होतो. सूट वरात उठल्यानंतर चौथ्या दिवशी आला, आणि कॉलरबद्दल बोलायला माझ्या हातात काही उरलेले नव्हते.

बाहेरगावचा कारागीर मांजरपाटाची चाचणी आणि टप्प्यांचे पैसे मान्य करीत नसेल, तर ठाण्याहून स्लो लोकलने सायनला उतरून धारावीत जावे, असे मी सुचवीन. सायन-वांद्रे लिंक रोडच्या बाजूला लेदरच्या वस्तूंची दुकाने रांगेने आहेत आणि त्यांतली काही मापाने शिवूनही देतात. तिथे कातडे हाताने चाचपून पाहता येते, दोन वेळा चाचणीला जाता येते आणि काही बिनसले तर दार ठोठावता येते. 46,000 च्या आकड्यात तुम्ही नावासाठी किती आणि कामासाठी किती मोजत आहात, याचाही अंदाज येईल. पावती मात्र पक्की घ्या. त्यावर लेदर कोणत्या जनावराचे, जाडी किती, पॅड आहेत की नाहीत, आणि द्यायची तारीख लिहून घ्यावी. ‘जेन्युइन लेदर’ एवढ्या शब्दांवर समाधान मानू नये, कारण ते फक्त रेक्झिन नाही एवढेच सांगतात. प्रत कोणती ते सांगत नाहीत.

तुम्ही जॅकेट मिरवायला नव्हे, चालवताना घालायला घेत आहात, म्हणून इथे पैशांचा प्रश्न सुरक्षिततेशी जोडलेला आहे. हातात मऊसूत लागणारे मेंढीचे पातळ लेदर रस्त्यावर घासले गेल्यास लवकर फाटते. शेळीचे वजनाच्या मानाने चिवट असते, आणि गाईम्हशीचे जाड लेदर सर्वांत टिकाऊ पण जड. फॅशनचे जॅकेट एक मिलिमीटरहूनही पातळ लेदरचे असू शकते, चालवण्याचे त्याहून जाड असावे लागते. खांदा, कोपर आणि पाठीला पॅड बसवण्याचे कप्पे हवेत. त्या पॅडसाठी ईएन 1621 हे युरोपीय मानक प्रचलित आहे. हे सर्व नसेल तर 46,000 रुपये दिसण्यासाठी दिले जातील. तसे देण्यासही माझी हरकत नाही, पण मग ते चैनीच्या खात्यात मांडावेत, सुरक्षिततेच्या खात्यात नव्हे.

एक गोष्ट तुम्ही ओझरती लिहिली आहे की हेल्मेट सहा वर्षांपूर्वीचे आहे. साधारण पाच वर्षांनी हेल्मेट बदलावे असे बनवणारेच सांगतात. तेव्हा या महिन्याच्या शिलकीतून आधी आयएसआय खुणेचे नवे हेल्मेट घ्या. तसेच, मेच्या उन्हात घोडबंदर रोडवर वाहने खोळंबलेली असताना तुम्ही जाड लेदर घालणार नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. रोजच्या प्रवासाला जाळीचे साधे जॅकेटच अंगावर राहील आणि लेदरचे प्रामुख्याने नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, लांबच्या फेऱ्यांना. आयुर्विम्याचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही. आई-वडील आणि गृहकर्ज दोन्ही तुमच्या पगारावर असताना मुदतीचा विमा (टर्म इन्शुरन्स) नसेल, तर त्याचा हप्ता जॅकेटच्याही आधी येतो आणि खालचे वेळापत्रक तेवढे लांबेल.

आता वेळापत्रक. तुमच्या आकड्यांवरून महिन्याला 14,000 रुपये उरायला हवेत. कार्ड फिटले की त्यातून किमान रक्कम जाणार नाही आणि व्याजाची गळतीही थांबेल. जूनपासून पगाराच्या दिवशीच 9,000 रुपये वेगळ्या बचत खात्यात वळवा आणि 5,000 ठेव भरून काढण्यासाठी ठेवा. काटेकोर सल्लागार म्हणेल की महिन्याचा अटळ खर्च 60,000 असताना 1 लाख 19 हजारांची ठेव दोन महिनेही पुरणार नाही, त्यामुळे सहा महिन्यांचा निधी होईपर्यंत जॅकेटचे नाव काढू नये. हिशेबाने तो बरोबर आहे. मी तसे म्हणत नाही, कारण दीड-दोन वर्षे थांबायला सांगितलेले माणूस तिसऱ्या महिन्यात कार्ड काढते, हे मी वारंवार पाहिले आहे. नोव्हेंबरनंतर मात्र संपूर्ण 14,000 त्या निधीकडे वळवावेत, ही माझी अट समजा.

ऑगस्टअखेर तुमच्याकडे 27,000 रुपये जमतील. सप्टेंबरच्या आरंभी मागणी नोंदवा, 18,400 द्या. शिलाई चालू असताना बचतही चालू राहील आणि जॅकेट नोव्हेंबरच्या सुरुवातीला येईल. आज मागणी दिली तर ते जुलैत, ऐन पावसात हाती पडेल, आणि ठाण्याच्या दमट हवेत कपाटात बंद ठेवलेल्या नव्या लेदरवर बुरशी यायला पंधरा दिवसही पुरतात. (पुढच्या पावसाळ्यात ते प्लॅस्टिकच्या पिशवीत न ठेवता सुती कापडात, रुंद हँगरवर ठेवा.) सांगितलेली किंमत करासह आहे का, तेही आत्ताच विचारा, 18 टक्के वर लागले तर आकडा 54,280 होतो. नोव्हेंबरचे 9,000 धरून तुमच्याकडे 54,000 असतील, म्हणजे त्या स्थितीतही जेमतेम 280 रुपये कमी पडतील आणि उसने घ्यावे लागणार नाही.

इसार मात्र कार्डानेच भरा आणि बिल आल्यावर संपूर्ण फेडा. थकबाकी नसलेल्या कार्डावर व्याज लागत नाही, आणि माल आलाच नाही तर बँकेकडे व्यवहारावर आक्षेप नोंदवता येतो. कोणाच्या वैयक्तिक खात्यावर यूपीआयने पाठवलेल्या पैशांना तशी सोय नाही. त्यापुढे वेळ आलीच, तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. कारागीर कोणत्याही गावचा असला तरी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात, म्हणजे ठाण्यात, तक्रार दाखल करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. पण लेखी अटी नसतील तर आयोगासमोर मांडायला काही राहत नाही.

शेवटचे 13,800 रुपये देण्यापूर्वी जॅकेट उभे राहून नव्हे, तर तुमच्या मोटारसायकलवर बसून, हँडल धरून पाहा. हात पुढे गेले की बाही मनगटावरून वर सरकते आणि पाठ उघडी पडते. मापे घेतानाही हीच बैठक धरायला कारागिराला सांगा. कारागीर बाहेरगावचाच ठरला, तर ही शेवटची चाचणी तुम्ही तिकडे जाऊन करणार की जॅकेट आधी येणार आणि पैसे नंतर जाणार, हे पहिल्या 18,400 रुपयांआधी लिहून घ्या.