फेलो होऊ की पीएचडी करू? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न १: नमस्कार मॅडम, मी ३१ वर्षांची आहे, एका इन्शुरन्स कंपनीत रिझर्व्हिंगमध्ये (पुढे द्याव्या लागणाऱ्या क्लेम्ससाठी किती पैसे राखून ठेवायचे ते काढणं) काम करते. ॲक्च्युरिअल, म्हणजे विमा-पेन्शनमधल्या जोखमीच्या गणिताच्या, परीक्षांचे दोन पेपर राहिलेत. टीममध्ये नवीन आलेल्या मुलांना शिकवताना जी मजा येते ती क्वार्टर एंडला रिपोर्ट काढताना अजिबात येत नाही, म्हणून युनिव्हर्सिटीत शिकवायचा विचार करतेय. घरचे म्हणतात आधी सगळे पेपर काढून फेलो हो. माझे जुने सर म्हणतात पीएचडी नसेल तर दारात कोणी उभं करणार नाही. कोणाचं ऐकू?

उत्तर: दोघांचंही बरोबर आहे गं, फक्त ते दोन वेगवेगळ्या नोकऱ्यांबद्दल बोलतायत. रिसर्च करायचा, पेपर छापायचे, पीएचडीचे विद्यार्थी घ्यायचे अशी प्रोफेसरची पोस्ट हवी असेल तर पीएचडीला जवळजवळ पर्याय नाही, आणि ती बहुतेक वेळा गणित किंवा स्टॅटिस्टिक्समधलीच असते. पण बऱ्याच विभागांत निव्वळ शिकवण्याच्या पोस्ट असतात, तिथे फेलोशिप आणि कामाचा अनुभव याला वजन असतं, कारण विभागात कोणीतरी असा लागतो ज्याने खरंच प्रीमियम ठरवलाय, रिझर्व्ह साइन ऑफ होताना बघितलाय. तेव्हा जाहिरात वाचताना आधी हे बघ की कुठली पोस्ट आहे. पगार मात्र दोन्हीकडे इंडस्ट्रीपेक्षा कमीच, त्याचं गणित तू माझ्यापेक्षा चांगलं करशील.

माझं सांगते. मी फेलो होऊन वर्गात गेले आणि मनात होतं की चेन लॅडर (जुने क्लेम्स वर्षागणिक कसे वाढले त्यावरून पुढचे अंदाजायची पद्धत) तर मी झोपेतही शिकवीन. फळ्यावर ट्रँगल, म्हणजे क्लेम्सचा तक्ता, काढला, तीन वर्षांचे क्लेम्स, पहिल्या वर्षाअखेरचे आणि दुसऱ्या वर्षाअखेरचे: १०० चे १५० झाले, २०० चे ३२०, १००० चे १४००. मग दुसऱ्या रकान्याची बेरीज १८७०, पहिल्याची १३००, भागाकार केला, डेव्हलपमेंट फॅक्टर, म्हणजे क्लेम्स वर्षात कितीपट होतात तो आकडा, साधारण १.४४. मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, मॅडम, तिन्ही वर्षांचे गुणोत्तर १.५, १.६, १.४ आहेत, त्यांची सरासरी १.५ येते, मग ती का नाही घ्यायची? मी म्हटलं मोठ्या वर्षाला जास्त वजन. तो म्हणाला, हो पण का? आणि मी चक्क "इंडस्ट्रीत असंच करतात" असं बोलून पुढे गेले. घरी जाईपर्यंत लाज वाटत होती. ऑफिसात सॉफ्टवेअर फॅक्टर काढून द्यायचं, इतक्या वर्षांत मला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता!

त्या रात्री थॉमस मॅकचा १९९३ चा ॲस्टिन बुलेटिन या जर्नलमधला पेपर काढून बसले. त्यात आहे उत्तर: क्लेम्सचा व्हेरिअन्स (चढउताराचं माप) आधीच्या एकूण क्लेम्सच्या प्रमाणात वाढतो असं धरलं तर बेरजेला बेरीज भागून येणारा फॅक्टरच सगळ्यात कमी हलतो, आणि हे गृहीतक बदललं तर वजनंही बदलतात. पुढच्या तासाला जाऊन त्या मुलाला सांगितलं. माझी पीएचडी खरं तर त्या "का"पासून सुरू झाली, वय तेव्हा ३६.

म्हणून तुला एवढंच विचारते, नवीन मुलांना शिकवताना तुला काय आवडतं, त्यांना समजलं याचा आनंद की त्यांच्या प्रश्नाने तू अडकतेस तो क्षण? पहिलं असेल तर उरलेले दोन पेपर काढ, फेलो हो, आणि नोकरी सांभाळून आधी एखादा विषय व्हिजिटिंग म्हणून शिकवून बघ. दुसरं असेल तर पीएचडीला फार उशीर करू नकोस. तरी ते दोन पेपर अर्धवट सोडू नकोस हां, पीएचडी सुरू झाली की परीक्षेला बसायची ताकद राहत नाही, अनुभवाने सांगते. आणि इंडस्ट्रीतून आलेली म्हणून कमीपणा मानायचा नाही, हान्स ब्यूलमान स्विस री या रीइन्शुरन्स कंपनीतून १९६६ ला ईटीएच झुरिच या युनिव्हर्सिटीत प्रोफेसर झाले आणि १९६७ ला त्यांचा क्रेडिबिलिटीवरचा (एखाद्याच्या स्वतःच्या क्लेम्सच्या अनुभवावर किती भरवसा ठेवायचा) तो पेपर आला जो आजही आपण शिकवतो.

एक त्रास आधीच सांगून ठेवते. जिथे युनिव्हर्सिटीच्या विषयावर प्रोफेशनल परीक्षेतून सूट मिळते तिथे मार्कांवरून जी घासाघीस होते ती बघायलाच हवी, दोन मार्कांनी सूट हुकलेला मुलगा केबिनबाहेर तासभर उभा राहतो. शिवाय सिलॅबस परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या हातात. ब्रिटनच्या आयएफओए या ॲक्च्युअरींच्या संस्थेने २०१९ ला पेपरची अख्खी रचना बदलली, सीएस१ या पेपरात आर ही प्रोग्रॅमिंगची भाषा आली, सीएम१ या पेपरात एक्सेल आलं, मग तिथे सूट देणाऱ्या विभागांना नोट्स, लॅब, प्रश्नपत्रिका सगळं त्यामागे फिरवावं लागलं.

प्रश्न २: मॉर्टॅलिटी टेबल (कुठल्या वयात मृत्यूची शक्यता किती याचे तक्ते) तर तयार मिळतात, मग या विषयात रिसर्चला उरलंय काय?

उत्तर: टेबल कालच्या माणसांचं असतं आणि पेन्शन उद्याच्या माणसांना द्यायची असते, सगळी गोम तिथेच आहे. खगोलशास्त्रज्ञ हॅलेने १६९३ ला ब्रेस्लाउ शहराच्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून टेबल केलं, गणितज्ञ गॉम्पर्ट्झने १८२५ ला दाखवलं की मोठ्या वयात मृत्युदर ठरावीक पटीने वाढत जातो, पण दोघांनीही वेळ थांबलेली धरली होती. ली आणि कार्टर यांनी १९९२ ला वयाबरोबर कॅलेंडरचं वर्षही मॉडेलमध्ये घातलं आणि तेव्हापासून त्या मॉडेलची दुरुस्तीच चालू आहे, कोणी पिढीचा परिणाम घालतं, कोणी दोन देशांचं एकत्र मॉडेल करतं. साथीच्या वर्षाचे आकडे मॉडेलमध्ये ठेवायचे की बाजूला काढायचे, एवढ्यावरूनच आमच्या विभागात दोन जणांचं आठवडाभर बोलणं बंद होतं.