मुंबई ते लंडन: पट्टी नको, दोरा घ्या

प्रश्न : मुलगी लंडनला शिकते. भिंतीवरच्या नकाशावर पट्टीने मोजलेलं अंतर नेटवरच्या आकड्याशी जुळत नाही. तिकिटावरच्या वेळांवरून प्रवास साडेचार तासांचा दिसतो! खरं काय? – एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : पट्टी सपाट नकाशावर फसवते. नेहमीच्या मर्केटर नकाशात लंडनच्या अक्षांशावरचं अंतर विषुववृत्ताच्या मानाने सुमारे 1.6 पट ताणलेलं असतं. त्यापेक्षा 30 सें.मी. व्यासाचा पृथ्वीगोल घ्या. मुंबई ते लंडन दोरा ताणून धरा, ढिला सोडू नका. गोलाचा घेर 94 सें.मी. आणि पृथ्वीचा 40,000 किमी, म्हणजे 1 सें.मी.ला 425 किमी. दोरा 17 सें.मी. भरेल : साधारण 7,200 किमी. नेटवर आकडा 3,900च्या आसपास दिसला तर तो सागरी मैलांत आहे, 1.852ने गुणा.

आता वेळ. ताशी 850 किमीने साडेआठ तास. चढणं-उतरणं आणि धावपट्टीपर्यंतची रांग यांचा अर्धा तास वेगळा. जाताना पश्चिमेकडून येणारे उंचावरचे जोरदार वारे समोरून लागतात, बंद हवाई हद्द टाळायला वळसाही पडतो. म्हणून दहा तास धरा. परतीला तेच वारे पाठीशी असतात.

तिकिटावर दोन्ही वेळा स्थानिक असतात. दुपारी 1ला निघून संध्याकाळी 5.30ला उतरलं, तर हिवाळ्यात त्यात साडेपाच तास मिळवा : दहा तास. उन्हाळ्यात लंडनची घड्याळं तासभर पुढे, तेव्हा साडेचारच मिळवा.

उजळाईवाडी (कोल्हापूरचा विमानतळ) ते मुंबई या 310 किमीला मात्र हा भागाकार चालत नाही. बराच वेळ चढण्या-उतरण्यातच जातो. सरळ तासभर धरा.