फ्रिजवरचे स्टार

"ताई, मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी साडेचार. घरकाम त्यांना आनंदाचं वाटावं म्हणून फ्रिजवर तक्ता लावला. एका कामाला एक स्टार, दहा झाले की बक्षीस. तीन आठवडे घर नुसतं लखलखत होतं. आता मुलगा 'याचे किती स्टार?' विचारल्याशिवाय स्वतःचा ग्लाससुद्धा उचलत नाही. परवा मला ताप होता. म्हटलं, बाळा, जरा पाणी आण. तर म्हणाला, 'दोन स्टार देशील?' रडूच आलं मला. धाकटी सारखी मध्ये मध्ये लुडबुडते, 'मला झाडू, मला झाडू' करते, आणि तिने केलेलं सगळं मला पुन्हा करावं लागतं. शिक्षा म्हणून कामं लावून पाहिली, तर तोंडं आणखी फुगली. माझं कुठे चुकतंय? एकेरीच लिहा, बरं वाटेल."

एकेरीच लिहिते. तापात ऐकलेलं 'दोन स्टार' जिव्हारी लागलं असणार, पण म्हणून पोराला आप्पलपोटा ठरवू नकोस. तीन आठवडे तूच त्याला शिकवत होतीस की घरातल्या कामाला दर असतो. त्याने फक्त दर विचारला. शिष्य हुशार निघाला, एवढंच.

हे काही तुझ्या एकटीच्या घरी घडलेलं नाही. १९७३ साली अमेरिकेतल्या तीन मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला. चित्रं काढायची मनापासून आवड असलेलीच मुलं निवडली. त्यांतल्या काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस की प्रशस्तिपत्र मिळेल. एक-दोन आठवड्यांनी वर्गात रंगीत पेनं नुसती मांडून ठेवली, बक्षिसाचं नाव नाही. बोलीवर चित्रं काढलेली मुलं आता बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रांत रमली. ज्यांना काही न सांगता अचानक प्रशस्तिपत्र दिलं होतं, त्यांची आवड मात्र शाबूत होती. म्हणजे घोळ बक्षिसाचा नव्हता, आधी ठरवलेल्या सौद्याचा होता. ज्या कामात मुळात गोडीच नाही तिथे बक्षीस सुरुवातीला धक्का देतं, हे खरं. पण मग तो धक्का रोज द्यावा लागतो, आणि दर वाढत जातो.

आता तुझंच पत्र पुन्हा वाच. 'धाकटी लुडबुडते' हे तू तक्रार म्हणून लिहिलंयस. मला तर सगळ्या पत्रात तेवढीच एक चांगली बातमी दिसली! थोरला साडेचारचा होता तेव्हा तोही झाडूमागे धावत होता का, आठवून बघ. मी पैज लावते, धावत असणार. आणि आपण म्हणालो असणार, 'जा, तू खेळ जा, मला पटकन आवरू दे.' सगळ्या जणी म्हणतो. काम आईचं आणि खेळ आपला, ही वाटणी तिथेच होते. मग चार-पाच वर्षांनी आपण हाक मारतो आणि पोरगं येत नाही म्हणून चिडतो.

माझीही गोष्ट सांगते. लेक सहा वर्षांची असताना तिने रुमालांच्या घड्या घातल्या होत्या. वाकड्या, कोपऱ्याला कोपरा नाही, पण तळहाताने दाबून दाबून सपाट केलेल्या. ती झोपल्यावर मी सगळ्या मोडून नीट घातल्या. सकाळी तिने कपाट उघडलं, बघितलं, काही बोलली नाही. पुढच्या वेळी मी टोपली पुढे केली तर म्हणाली, "तूच घाल. तुला माझ्या आवडत नाहीत." पुढे कित्येक महिने तिने रुमालाला हात लावला नाही.

तेव्हा पहिलं काम तुझं: मुलांनी केलेलं त्यांच्यादेखत किंवा पाठीमागे पुन्हा करायचं नाही. कचरा राहिला तर राहू दे. अगदीच डोळ्यांना खुपलं तर दुसऱ्या दिवशी काम सुरू होण्याआधी दाखव, कोपऱ्यापासून सुरुवात केली की बरं पडतं म्हणून.

धाकटीला तिच्या मापाचं सामान दे. १९०७ साली रोममध्ये मारिया मॉन्टेसरींनी बालगृह सुरू केलं, तिथेही मुलांच्या उंचीचं फर्निचर, हाताच्या मापाच्या वस्तू आणि खरी कामं होती. खेळण्यातला झाडू नको, त्याने कचरा निघत नाही आणि मुलांना ते लगेच कळतं. खराच, पण आखूड दांड्याचा. आणि मोज्यांच्या जोड्या लावणं तिच्याकडे सोपव. धुतलेल्या मोज्यांचा ढीग जमिनीवर ओत आणि बाजूला हो. हरवलेला भाऊ शोधणं, हातात घालून मोज्यांना बोलतं करणं, सगळं ती स्वतःच काढेल. तुला पाच मिनिटं लागली असती, तिला अर्धा तास लागेल. म्हणून घाईच्या वेळी नको.

थोरल्याला मात्र खेळ करून दाखवायला जाऊ नकोस; नऊ वर्षांच्या मुलाला असला बनाव लांबून कळतो. त्या वयाची मजा निराळी, हुकमत हातात असण्याची. 'जरा हे धर, ते आण' ही हमाली कुणालाच आवडत नाही. त्याला एक अख्खं खातं दे. समजा, कुंड्या. पाणी कधी, किती, हे त्याने ठरवायचं. बोट पेराएवढं मातीत घालायचं, ओल लागली तर आज पाणी नाही, हे एकदा दाखव आणि गप्प बस. एखादं रोप माना टाकेल. टाकू दे. तू गुपचूप पाणी घातलंस की खातं परत तुझ्याकडे आलं.

दोघांनी मिळून आवरायचं असेल तर एक गाणं लावा, गाणं संपलं की काम संपलं. पण भावंडांची आपापसात शर्यत नको, साडेचार वर्षांची रोज हरेल. दोघं मिळून गाण्याविरुद्ध.

शिक्षा म्हणून काम देणं आजपासून बंद. ज्या झाडूने सोमवारी शिक्षा केली तोच मंगळवारी आनंदाने हातात घ्या, हे मोठ्यांनाही जमणार नाही. आणि तक्ता रागाने फाडू नकोस. साठलेले स्टार मोज, कबूल केलेलं देऊन टाक आणि सरळ सांग, 'ही माझी कल्पना फसली, आता स्टार नाहीत.' आठवडा-दोन आठवडे कुरकुर होईल. सगळंच काम मजेचं होईल असंही कबूल करू नकोस, संडास घासण्यात मला आजवर मजा सापडलेली नाही.

एक जरा टोचेल असं. पत्रात मुलांच्या बाबांचा उल्लेख नाही. एकटी वाढवत असशील तर हे सोडून दे. पण ते घरात असतील आणि मुलं रोज बघत असतील की आई आठ्या घालून 'सगळं माझ्याच मागे' म्हणत राबतेय आणि बाबा मोबाईलवर, तर त्या कामात गंमत आहे हे त्यांनी कशावरून मानायचं?

आणि पुढच्या वेळी पाणी मागितल्यावर पुन्हा 'किती स्टार?' आलंच, तर रडू नकोस, भाषणही नको. "स्टार नाहीत रे, तहान लागलीय," एवढंच म्हण आणि थोडं थांब.