वजन नॉर्मल, तरी साखर आणि ट्रायग्लिसराइड वाढलेले: असं का होतं?

तुम्ही दिलेले आकडे असे: उंची १६५ सेंमी, वजन ६२ किलो, कंबर ९४ सेंमी, उपाशीपोटी साखर ११२, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २४०. शिवाय घरातच ७६ किलोच्या वहिनींचे सगळे रिपोर्ट चांगले, म्हणून लॅबची चूक असेल का, असं तुम्ही विचारलंय. मला तसं वाटत नाही. आपल्याकडच्या पुरुषांत हे चित्र नेहमीचं आहे, वजनकाट्यावर मात्र ते दिसत नाही.

चरबी किती, यापेक्षा ती कुठे साठली आणि साठवणारी पेशी किती फुगली, याचा चयापचयावर जास्त परिणाम होतो. चरबीच्या पेशींची संख्या विशीपर्यंत बरीचशी ठरून जाते. २००८ मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या कर्स्टी स्पाल्डिंग आणि सहकाऱ्यांनी, अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या कार्बन-१४ (किरणोत्सारी कार्बन) चा माग काढून या पेशींचं वय मोजलं. दरवर्षी सुमारे १० टक्के पेशी मरतात आणि तेवढ्याच नव्या येतात. वजन खूप उतरलं तरी संख्या घटत नाही, पेशी फक्त बारीक होतात. त्यामुळे मोठेपणी वाढलेली चरबी बहुतांशी आहे त्याच पेशींत कोंबली जाते.

अशी तट्ट फुगलेली पेशी इन्सुलिनला जुमानत नाही. जेवणानंतर चरबी सोडणं थांबवायला हवं, तेव्हाही ती फॅटी ॲसिड रक्तात सोडत राहते. ॲडिपोनेक्टिन हे उपयोगी संप्रेरक ती कमी बनवते आणि तिच्याभोवती सौम्य दाह ठाण मांडून बसतो. कणगी भरली की धान्य घरभर सांडावं, तशी मग चरबी यकृतात, स्नायूंत आणि आतड्यांभोवती जाते. चरबी भरलेलं यकृत साखर आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही जास्त बाहेर टाकतं. तुमचे दोन्ही आकडे बहुधा तिथूनच आलेत.

वहिनींची चरबी मांड्या-नितंबांवर असेल, तर ती तिथे सुखरूप राहते. मार्सेचे डॉक्टर जाँ व्हाग यांनी १९४७ मध्येच हा फरक मांडला होता. पण रजोनिवृत्तीनंतर चरबी पोटाकडे सरकते, तेव्हा त्यांनीही तपासण्या सोडू नयेत.

चरबी म्हणजे निव्वळ शत्रू, हा समज मला मनापासून खटकतो. लिपोडिस्ट्रॉफी या विकारात त्वचेखाली चरबीच नसते आणि त्या सडपातळ माणसांना भयंकर मधुमेह होतो, कारण साठवायला जागाच नाही. उलट २००४ च्या एका अभ्यासात लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरची साधारण १० किलो चरबी लायपोसक्शनने काढली, तरी इन्सुलिनचा प्रतिसाद सुधारला नाही. उरलेल्या पेशी तेवढ्याच फुगलेल्या होत्या आणि यकृतातली चरबीही जागच्या जागी होती.

आपल्या बाबतीत हे जन्मापासूनच सुरू होतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलं की इथली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी असतात, पण त्यांच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून असते. कमी पडतात ते स्नायू. २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के! तुमचा बीएमआय २२.८ आहे. त्यावर विसंबू नका.

कंबर पुन्हा एकदा नीट मोजा. पँटचा नंबर धरू नका, कारण पट्टा पोटाखाली घसरलेला असतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, उघड्या अंगावर टेप लावा, श्वास सहज सोडा आणि मग वाचा. भारतीय पुरुषांसाठी मर्यादा ९० सेंमी आहे, स्त्रियांसाठी ८०.

डॉक्टरांना एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), यकृताची एन्झाइम्स आणि पोटाची सोनोग्राफी यांबद्दल विचारा. नुसत्या पोटाच्या व्यायामाने पोट उतरत नाही. जेवणानंतर चालणं, आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचलणं आणि साखर, मैदा, दारू कमी करणं, एवढं नेटाने करा. उपाशी राहून झटपट बारीक होऊ नका, त्यात आधीच कमी असलेले स्नायू जातात. तीन-चार किलो उतरले तरी यकृतातली चरबी लवकर हलते, म्हणून तीन महिन्यांनी वजनाऐवजी कंबर आणि ट्रायग्लिसराइड पुन्हा बघा.